डॉक्टरांनी शेवटी बोलावं

(वर्धा जिल्ह्यातल्या एका वाचनालयात निवृत्त परिचारिकेनं दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, खुर्च्या सोडून पुढे सतरंजीवर येऊन बसलात, बरं वाटलं. आमची पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारातलं दुखणं हलकं करायच्या कामाची, सोमवारची बैठकही सतरंजीवरच होते. दुपारी 2 वाजता, कारण सकाळी ओपीडी आणि 4 नंतर आशाताईंची एसटी निघून जाते. बरा न होणारा कॅन्सर, लकव्यानं अंथरुणाला खिळलेली माणसं, किडन्या गेलेले, कळांनी तळमळणारी सिकलसेलची पोरं, अशांची यादी घेऊन डॉक्टर, नर्स, समाजसेविका, फार्मासिस्ट आणि गावची आशा एकत्र बसतात. मी नोकरीत असताना नियम एकच लावून धरला होता: डॉक्टरांनी शेवटी बोलायचं.

साहेबांना सुरुवातीला ते रुचलं नाही. मग एक बाबा आले. सत्तरी उलटलेली, गालाचा कॅन्सर. कारण तुम्हाला सांगायला नको, पन्नीतला तंबाखू-सुपारीचा खर्रा. दुखणं दाबणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्या चालू होत्या: दर 4 तासांनी एक, झोपताना दोन, म्हणजे मध्यरात्री उठायला नको. ‘दहापैकी किती दुखतं’ हे बाबांना उमगेना, म्हणून मी आण्यांत विचारायची, सोळापैकी किती. दिवसा चार आणे, रात्री चौदा. साहेब डोस वाढवायला निघाले. मी म्हटलं, थांबा, आधी आशाताईचं ऐकू.

ती म्हणाली, “रातच्या गोळ्या बाबा घेतच नाही. पोट साफ होत नाही त्याईचं. संडास घरामागं, तीन पायऱ्या उतरा लागते. अर्ध्या रात्री सुनेले उठवाले लाजते, मंग गोळीच नको म्हणते.”

मॉर्फिनची गुंगी काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता मात्र होतच राहते. म्हणून पोट साफ करणारं जुलाबाचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत द्यायचं असतं. चिठ्ठीवर ते होतंही. पण “हे पोटाचं आहे, वाटलं तर घ्या” असं कुणीतरी म्हणालं, आणि घरच्यांनी पैसे वाचवले. कुणीतरी म्हणजे मीच. नुसता डोस वाढवला असता तर पोट आणखी बांधलं असतं. त्या दिवशी वहीत लिहिलं: जुलाबाचं औषध, सिस्टर, उद्या. भोक पाडलेली लाकडी खुर्ची, आशाताई, गुरुवारपर्यंत. कामापुढे नाव पडल्याशिवाय आम्ही पुढच्या पेशंटकडे जात नाही. खुर्ची गावच्या सुतारानं केली. आठ दिवसांत रात्रीचे चौदा आणे पाचांवर आले. गोळी एकही वाढली नव्हती.

लंडनमध्ये 1967 साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणारं ठिकाण, सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, मग डॉक्टर. शरीराचं, मनाचं, घरच्या ओढाताणीचं, श्रद्धेचं, हे सगळं मिळून माणसाचं दुखणं असतं, असं त्यांनी मांडलं. त्यांचं बरं होतं, अर्धी टीम एकाच बाईत होती! आपल्याला सतरंजी टाकावी लागते. केरळमध्ये शेजारीपाजारी या कामात उतरले आणि 2008 मध्ये तिथल्या सरकारनं त्याचं धोरण केलं. पॅलिएटिव्ह केअरचा देशाचा कार्यक्रम 2012 चा. 2014 साली अमली पदार्थांचा कायदा बदलला आणि मॉर्फिन ठेवण्यासाठी एकावर एक परवाने काढायची गरजही उरली नाही. कागद झाले. गोळी मिळते का, ते आपापल्या तालुक्याला जाऊन विचारा.

बाबांकडे परत येते. मुलगा म्हणाला, “बाबाले सांगू नका.” घरोघरी हेच. मी भांडत नाही. एवढंच विचारते, बाबा स्वतः काही विचारतात का? पुढची बैठक त्यांच्या ओट्यावर घेतली. तिथं बाबाच बोलले: “कापूस निघेस्तोर रायतो का मी? सातबारा माह्या नावानं, सोसायटीचं कर्ज माह्या नावानं. किती हाय, पोराले ठाऊक नाही.”

मुलगा बापापासून आजार लपवत होता, बाप मुलापासून कर्ज.

सगळ्यांचं बोलून झाल्यावर साहेब म्हणाले, “बाबा, पहिली वेचणी कदाचित. त्यापुढचं मी धरून चालत नाही.” बाबांनी नुसती मान हलवली. मुलगा उठून गोठ्याकडे गेला, बराच वेळ आला नाही. कुणी त्याला बोलवायला गेलं नाही, ते बरं केलं. दुसऱ्या दिवशी समाजसेविका त्याला घेऊन सोसायटीत आणि तलाठ्याकडे गेली. त्या रात्री किती आणे, म्हणून विचारलं, तर बाबा म्हणाले, “तीन.”

दसरा झाल्यावर ते गेले. पहिल्या वेचणीचा कापूस घरात येऊन पडला होता. तेरवीनंतर सून खुर्ची घासूनपुसून घेऊन आली. “कोनाले तरी लागन,” म्हणाली. खुर्ची आता चौथ्या घरात आहे. एक पाय डुगडुगतो. वहीत लिहिलंय: सुतार, गुरुवार.