आमी आता मराठी न्हवं काय?

नमस्कार मंडळी.

मे महिन्यात बेळगावला जाऊन आलो. कुंदा आणलाय, बाहेर ठेवलाय. पण आज माझ्याने कुंद्यावर आणि वळवाच्या पावसावर बोलवत नाही. तिथे असताना एका रात्री माझी सात वर्षांची पुतणी जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "काका, आमी आता मराठी न्हवं काय ओ?"

त्याच दुपारी मी भरल्या ताटावरून उठलो होतो. धाकटा म्हणाला, मी बाप्तिस्मा घेणार. मी म्हणालो, "मग तू आमचा राहिला नाहीस." पोर दारातच उभी होती. मला दिसली नाही.

धाकटा आमच्या घरातला नास्तिक. वडील माळकरी, आणि हा आरती सुरू झाली की चपला घालून गल्लीच्या कोपऱ्यावर. नवस, पत्रिका, अंगात येणं, त्याने कशालाच सोडलं नाही. बायबल उघडलं तेही एका मित्राशी वाद जिंकायला. ती प्रत मी चाळली. समासात शिसपेन्सिलीने प्रश्नचिन्हंच प्रश्नचिन्हं. डोंगरावरच्या प्रवचनात, शत्रूंवर प्रीती करा म्हटलंय तिथे, त्याने लिहिलंय, "कोणाला जमलंय?" आणि बरंच पुढे, क्रूसावरून येशू मारणाऱ्यांसाठीच क्षमा मागतो, त्या ओळीशेजारी काहीच लिहिलेलं नाही. फक्त त्या मागच्या पानाचा आकडा.

"शंका फिटल्या काय तुझ्या?" मी विचारलं.

"न्हाई की. पण खिळ्यांचे व्रण बघितल्याशिवाय मानणार नाही म्हणणाऱ्या शिष्याला, थोमाला, येशूनं हाकललं नाही. हात पुढं केला. तिथं मला जागा हाय असं वाटलं."

सहा वर्षं लागली त्याला. आणि मी थोरला भाऊ, मी काय विचारलं? "त्यांनी काय दिलं तुला?" आपल्याकडे हाच प्रश्न पहिला येतो. तो आठवला की अजून घास उतरत नाही.

मंडळी, बाबा पदमनजी आपल्या बेळगावचे. १८३१चा जन्म, आणि १८५४ साली बाप्तिस्मा घेतला तोही बेळगावातच. पुढे १८५७मध्ये त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिलं. विधवांचे हाल सांगणारी ही कथा मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना तर आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला आणि तेही डोंगरावरच्या प्रवचनापाशीच अडकले. १८९५ला ते ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्यानंतर पाच वर्षं लागली. त्या घराने काय सोसलं ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त आपण सगळ्यांनी वाचलंय, वाचताना डोळे पुसलेत. मग तेच आपल्या घरात घडलं की आपण ताटावरून का उठतो?

रागावू नका, पण बोलतो. बेळगाव कर्नाटकात घातलं म्हणून दर १ नोव्हेंबरला काळ्या फिती लावून आपण वाढलो. मराठी म्हणून आम्हाला मोजा, एवढंच मागणं होतं. आणि इथे आपल्या मंडळाच्या यादीत मराठी ख्रिस्ती घरं किती आहेत? या गावात ती नाहीत असं नाही. बाजारात भेटतात, आपल्यापेक्षा स्वच्छ मराठी बोलतात. त्यांना संक्रांतीला, कोजागरीला कधी बोलावलं आपण? मीही तीन वर्षं कार्यकारिणीत होतो. मीही नाही बोलावलं.

आईचं सांगतो. ती शहाऐंशीची आहे. भांडण झालं तेव्हा ती काही बोलली नाही. एका रविवारी नातीचा हात धरून कॅम्पातल्या चर्चमध्ये गेली आणि शेवटच्या बाकावर पदर घेऊन बसली. तिथे टिळकांचं पद लागलं, पेटी आणि टाळ. घरी येऊन म्हणाली, "चाल आपल्या भजनातलीच की रे." एवढंच. पण त्या रात्री देवापाशी दिवा लावताना तिचा हात थरथरत होता, तेही मी पाहिलंय. वडिलांच्या फोटोकडे तिने बघितलं नाही.

भाद्रपद तोंडावर आलाय. आमचा गणपती वडिलोपार्जित, दोघा भावांनी मिळून आणायचा. धाकट्याचा परवा फोन आला होता. म्हणाला, "येतो, मोदकाला नारळ खवून देतो, पाहुण्यांची पानं वाढतो. पण आरतीला हात जोडणार न्हाई. चालंल काय?" मी म्हणालो, आईला विचारून सांगतो. आईला अजून विचारलेलं नाही.

त्या फोनवर मागून पुतणीचा आवाज येत होता. मी तिला बोलाव म्हणालो. ती आली नाही.