लुथरन, कॅथलिक आणि मारबुर्गचं टेबल

नमस्कार मंडळी. एवढ्या पावसात हॉल भरलाय, बरं वाटलं. विषय फळ्यावर लिहिलाय, लुथरन आणि कॅथलिक यांच्या श्रद्धेत आणि आचारात फरक काय, आणि मला पाऊण तास दिलाय. फरकांकडे मी येणारच आहे, पण आधी एक गोष्ट सांगते, ती ऐकल्याशिवाय ते फरक नीट समजत नाहीत असं माझं पक्कं मत झालंय.

मी वसईची, कॅथलिक घरातली, हे इथे बहुतेकांना माहीतच आहे. नोकरीमुळे काही वर्षं ड्रेसडेनला होते. पहिल्याच महिन्यात एका रविवारी घराजवळ घंटा वाजली म्हणून आवाजाच्या दिशेने गेले. आत वेदी, वेदीवर मेणबत्त्या, वर क्रुसावर येशूची मूर्ती, एका बाजूला बाप्तिस्म्याचं कुंड. लोक उठतायत, बसतायत, "प्रभू दया कर" म्हणतायत. जर्मन मला धड येत नव्हतं पण क्रम पाठ होता ना, आता ग्लोरिया, आता वाचन, आता श्रद्धांगीकार, त्यामुळे अगदी आमच्या गावच्या मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, बसल्यासारखी मी निवांत. कम्युनियनला, म्हणजे प्रभूच्या भोजनाची भाकर आणि वाइन घ्यायला, सगळे पुढे गेले, मीही गेले, भाकर घेतली, वाइनचा कप आला तर कपही घेतला. आणि बाहेर पडताना दारात पाळक हात मिळवत उभे, शेजारी एक बाई आणि दोन मुलं, पाळक म्हणाले ही माझी पत्नी, ही माझी मुलं. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, मी लुथरन चर्चमधे होते!

घरी येऊन आईला फोन केला, रडकुंडीला आले होते. आई घाबरली नाही, उलट मला समजवायला लागली, "अगं, तिथे काय, नुसता ब्रेडच असतो ना त्यांच्यात, खूण म्हणून. तू ब्रेड खाल्लास समज." आणि हेच, बघा, हेच वाक्य माझ्या मनात इतकी वर्षं रुतून बसलंय. कारण आईने ते मनचं सांगितलं नव्हतं. आम्हाला धर्मशिक्षणाच्या तासाला हेच शिकवलेलं, शाळेच्या इतिहासातही तेच, एका बाजूला कॅथलिक, दुसऱ्या बाजूला प्रोटेस्टंट म्हणून एकच मोठं गाठोडं, त्यात सगळे कोंबायचे आणि सांगायचं की यांना मूर्ती नको, वेदी नको, भाकर फक्त खूण. त्या गाठोड्यात लुथरन बसतच नाहीत हो. मला याचा आजही राग येतो.

आता मारबुर्गला चला. 1529 चा ऑक्टोबर. जर्मनीतल्या हेसचा शासक फिलिप, त्याला सगळ्या सुधारकांची राजकीय एकजूट हवी होती, म्हणून त्याने मार्टिन ल्यूथरला, ज्याच्या नावावरून लुथरन, विटेनबर्गहून आणि स्विस सुधारक झ्विंग्लीला झुरिचहून मारबुर्गच्या आपल्या किल्ल्यात बोलावलं. दोघेही पोपपासून तुटलेले. झ्विंग्लीचं म्हणणं, येशू स्वर्गात पित्याच्या उजवीकडे आहे, तो भाकरीत कसा असेल, "हे माझं शरीर आहे" याचा अर्थ "हे माझ्या शरीराची खूण आहे". म्हणजे माझी आई जे बोलली ते झ्विंग्लीचं मत! आणि ल्यूथरने काय केलं, खडू घेतला आणि टेबलावर लॅटिनमधे लिहिलं, होक एस्ट कॉर्पुस मेउम, हे माझं शरीर आहे, वर मखमली कापड. चर्चा तापली, पुरावा मागितला गेला, की कापड बाजूला करून बोट त्या वाक्यावर. "आहे" म्हणजे आहे. शेवटी पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झालं आणि पंधराव्यात याच एका मुद्द्यावर गाडी अडली ती अडलीच, एकजूट झाली नाही. त्याच्या वर्षभर आधीच ल्यूथरने लिहून ठेवलं होतं, या लोकांबरोबर नुसती वाइन पिण्यापेक्षा मी पोपबरोबर निव्वळ रक्त पिणं पसंत करेन. पोपला ख्रिस्तविरोधी म्हणणारा माणूस हे लिहितो, विचार करा!

तेव्हा पहिली गोष्ट ही धरा, त्या भाकरीत ख्रिस्त खरोखर आहे हे लुथरन आणि कॅथलिक दोघांनाही मान्य. फरक पुढे आहे. कॅथलिक म्हणतात भाकरीचं रूप, चव तशीच राहते पण तत्त्व पूर्ण बदलतं, 1215 च्या रोममधल्या लॅटरन धर्मपरिषदेत यासाठी तत्त्वबदलाचा शब्द, ट्रान्ससबस्टॅन्शिएशन, आला. लुथरन म्हणतात भाकर भाकरही राहते आणि तिच्यात, तिच्यासह, तिच्याखाली शरीर असतं, कसं ते विचारू नका. म्हणून आपण कॅथलिक उरलेला प्रसाद टॅबर्नॅकलमधे, म्हणजे चर्चमधल्या त्या छोट्या बंद कपाटात, जपतो, त्याची आराधना करतो, मिरवणूक काढतो, लुथरनांकडे सहसा हे नाही. आणि माझ्या मते खरी मेख इथे आहे, देणारा हात कोणाचा? कॅथलिक मिस्सेत चर्च ख्रिस्ताचं बलिदान पित्याला अर्पण करतं, मृतांसाठीही करतं. ल्यूथरला हे सहन व्हायचं नाही, तो म्हणायचा इथे देव देतो, माणूस फक्त हात पसरतो. भाकर तीच, हाताची दिशा उलटी.

वसईचाही धागा आहे यात. 1534, ल्यूथरचं पूर्ण जर्मन बायबल छापून आलं, आणि त्याच वर्षी गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगीजांना दिली. म्हणजे तिकडे हे भांडण ऐन भरात असताना आपल्याकडे चर्चेस उभी राहायला लागली. ल्यूथरने जर्मन मिस्सा 1526 लाच छापली होती, माझी आजी मात्र अर्धं आयुष्य लॅटिन मिस्सा ऐकत होती, अर्थ न कळता, आणि मधे रोजरी, म्हणजे मण्यांच्या माळेवरची प्रार्थना, म्हणत होती. मराठीत मिस्सा कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनंतर आली, 1960 च्या दशकात. सामान्य माणसालाही कप मिळावा ही ल्यूथरची मागणीही त्याच परिषदेनंतर कॅथलिकांकडे हळूहळू...

हो, चिठ्ठी आली, पाचच मिनिटं. बरं, भरभर सांगते.

मूळ वाद, माणूस देवासमोर नीतिमान कसा ठरतो. लुथरन म्हणतात केवळ विश्वासाने, चांगली कामं हे त्याचं फळ, माणूस शेवटपर्यंत एकाच वेळी नीतिमानही आणि पापीही. कॅथलिक म्हणतात कृपा माणसाला आतून खरंच बदलते आणि त्या कृपेने केलेली कामं मोजली जातात. 1517 ला ल्यूथर उखडला तो यावरूनच, पैसे देऊन इंडल्जन्स, म्हणजे पापाच्या शिक्षेतून सूट, मिळायला लागलं म्हणून. यावर 31 ऑक्टोबर 1999 ला ऑग्सबर्गला व्हॅटिकन आणि लुथरन वर्ल्ड फेडरेशनने एकत्र सही केली, की देव माणसाला स्वीकारतो ते निव्वळ कृपेने, आपल्या पुण्याईमुळे नाही. माझ्या दृष्टीने फार मोठी गोष्ट, आणि आपल्याकडे त्याचा कोणी उल्लेखही करत नाही.

बाकी, संस्कार आपले सात, त्यांचे दोन, पण पापनिवेदन ल्यूथरने टाकून दिलं नव्हतं, स्वतः करायचा. पर्गेटरी, म्हणजे मेल्यावर शुद्ध होण्याची अवस्था, त्यांच्यात नाही. संतांचा आदर आहे, त्यांच्याकडे मागणं नाही, मरियेला देवमाता ते म्हणतात बरं का. पोपचा अधिकार नाही. पाळक लग्न करतात, ल्यूथरने 1525 ला काथारीना फॉन बोरा या माजी नन बाईंशी केलं, आणि बऱ्याच लुथरन चर्चमधे आज स्त्रियाही पाळक आहेत.

शेवटचं एक. ड्रेसडेनहून तासाभराच्या ट्रेनवर बाउट्सेन म्हणून गाव आहे. तिथलं सेंट पीटर चर्च 1524 पासून दोघांचं, पुढचा वेदीकडचा भाग कॅथलिकांचा, मोठा मधला भाग लुथरनांचा, मधे कठडा. आई मला भेटायला आली तेव्हा तिला मुद्दाम नेलं. मिस्सेला वेळ होता, ती थकली होती, समोर दिसला त्या बाकावर बसली, लुथरनांच्या, आणि पर्समधून रोजरी काढली. मी काही बोलले नाही. मिस्सेची घंटा होईपर्यंत ती तिथेच बसून होती.

विचारा आता, काय विचारायचंय ते.