टाकीतली कात

(दृश्य: पाळीव कोळंब्यांच्या काचेच्या टाकीच्या तळाशी पांढरट, आरपार दिसणारी कोळंबी. हालचाल नाही.)

मेलेली नाही ही. नुसती कात आहे. मिशांपासून शेपटीपर्यंत सगळं जागच्या जागी, आत मात्र कोणी नाही. पहिल्यांदा अशी कात दिसली तेव्हा मी हळहळत चिमट्याने उचलून फेकून दिली होती. फेकायची नसते. तिच्यातलं कॅल्शियम बाकीच्या कोळंब्या खाऊन टाकतात.

जिची ही कात, ती पलीकडे मॉसमध्ये, म्हणजे शेवाळासारख्या पाणवनस्पतीत, दडून बसलीय. चेरी श्रिंप. जेमतेम इंचभर. तैवान, चीनकडच्या गोड्या पाण्यातली ही जात मुळात मातकट; हा लाल रंग माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून आणलेला. लाल, निळ्या, पिवळ्या एकाच टाकीत नांदवा, काही पिढ्यांत पुन्हा मातकट पिल्लं दिसू लागतात.

(दृश्य: पुढचे पाय, अगदी जवळून.)

पायांच्या टोकाला ब्रशासारखे केस आहेत. काचेवरचा, पानावरचा बुळबुळीत थर खरवडायचा आणि तोंडात घालायचा, दिवसभर हाच उद्योग. त्यामुळे नवी, चकचकीत टाकी म्हणजे यांच्यासाठी उपासमार. पाणी भरून, स्पंज फिल्टर लावून महिना-दीड महिना थांबायचं. तेवढ्यात घाणीतून तयार होणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणूही वस्तीला येतात. सोसायटीच्या आवारातलं देशी बदामाचं वाळकं पान टाकलं तर उत्तमच. फक्त झाडावर फवारणी झालेली नको.

मला स्वच्छतेचा भारी सोस. दर रविवारी अर्धी टाकी उपसून नळाचं पाणी ओतायचो. एका रविवारनंतर तीन कोळंब्या गेल्या. तिघींच्याही मानेमागे पांढरं कडं.

कात मानेमागे उकलते आणि कोळंबी एका झटक्यात बाहेर पडते. पाण्यातले क्षार, तापमान एकदम बदललं की ती अवेळी कात टाकायला जाते आणि अर्ध्यावर अडकते. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, ते वेगळंच. आता मी आठवड्याला दहाएक टक्केच पाणी बदलतो. क्लोरीन काढलेलं, आणि तेही बारीक नळीतून, सलाईनसारखं थेंब थेंब. माशांची तांबं असलेली औषधं या टाकीजवळ फिरकू देत नाही. एप्रिल-मेमध्ये पाण्यावर छोटा पंखा.

(दृश्य: टाकीभर सैरावैरा पोहणारे नर.)

मॉसमधल्या मादीने कात टाकल्याची वर्दी पाण्यातून यांना लागली आहे. मीलन झालं की तिची वीस-तीस अंडी पोटाखाली चिकटतील. तीन-चार आठवडे ती पोटाखालच्या पायांनी त्यांना वारा, म्हणजे पाणीच, घालत राहील.

(दृश्य: जाळी झालेलं बदामाचं पान. त्यावर दोन मिलिमीटरचं पिल्लू.)

हे काल रात्रीचं. पान खरवडायला लागलंसुद्धा.