बंद गाळा, ओस धर्मशाळा

(सांगली येथे गाळेमालक आणि देवस्थानांच्या विश्वस्तांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पेठेतून चालताना आपली नजर दुकानाच्या पाटीपाशीच थांबते. आज घरी जाताना जरा मान वर करा. खाली कापडाचं, भांड्यांचं दुकान गजबजलेलं असतं आणि वरच्या मजल्याच्या खिडक्या कैक वर्षांत उघडलेल्या नसतात. पन्हाळीशेजारी पिंपळ रुजलेला असतो. पेठेबाहेर थोडं गेलं की एखादी धर्मशाळा दिसते. तिच्या दाराला कुलूप आणि ओसरीवर मंडपवाल्याचे बांबू.

अशी जागा कुणाला द्यायची हा प्रश्न आला की मालक आधी विचारतो, भाडं किती येईल? विश्वस्त विचारतात, कुणाची परवानगी लागेल? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण ते नंतरचे. आधी हे बघा, की ही वास्तू कोणत्या कामासाठी उभी राहिली आणि त्या कामाच्या सगळ्यात जवळचं आजचं काम कोणतं? हे अंतर जितकं कमी, तितकी तोडफोड कमी आणि कायद्याची कटकटही कमी. आज मी जे सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

साताऱ्याचा जुना राजवाडा घ्या. तिथे शाळा भरली, तीच पुढची प्रतापसिंह हायस्कूल. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब आंबेडकरांचं नाव याच शाळेत दाखल झालं. राजवाड्यात शाळा का जमते? मोठी दालनं, मधे चौक, दोन्ही अंगांनी उजेड, आणि दिवसभर माणसांची ये-जा गृहीत धरून बांधलेले जिने. शाळेला याहून वेगळं काय लागतं? त्याच राजवाड्यात शीतगृह करायला निघालात, तर पहिल्याच दिवशी भिंती फोडायला लागाल.

आता धार्मिक वास्तूंकडे वळू. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट गावात तेराव्या शतकातल्या एका चर्चमध्ये पुस्तकांचं दुकान आहे, त्याचे फोटो तुमच्यापैकी अनेकांच्या फोनवर आले असतील. ते काम सुरेख आहे. पुस्तकांची पोलादी मांडणी स्वतःच्या पायावर उभी आहे, जुन्या दगडावर तिचा भार नाही. उद्या ती काढून नेली तर चर्च जसंच्या तसं उरेल. तेवढी युक्ती जरूर घ्या. पण तिथली परिस्थिती इथे लागू करू नका. त्या चर्चमधली उपासना कधीच थांबली होती. आपल्याकडे देव उठून जात नाही. गाव विरळ झालं तरी पुजारी सकाळी येऊन दिवा लावतो. ओस पडतं ते देवाभोवतीचं: धर्मशाळा, ओवऱ्या, नगारखाना, जुनी पाठशाळा, वर्षातून एकदा उत्सवाला उघडणारी स्वयंपाकाची पडवी.

म्हणून आवाराचा नकाशा काढून त्यावर तीन रंग भरा. गाभारा आणि प्रदक्षिणेची वाट हा पहिला रंग, तिथे हात लावायचा नाही. १९९१ च्या उपासनास्थळ कायद्याने १५ ऑगस्ट १९४७ रोजीचं धार्मिक स्वरूप कायम ठेवलेलं आहे, तो विषय चर्चेला घेऊच नये. सभामंडप हा दुसरा रंग. तिथे दिवसाच्या ठरावीक वेळात हलका वापर चालतो, पण खिळा न ठोकता आणि संध्याकाळच्या आरतीआधी सगळं उचलून. तिसरा रंग उरलेल्या इमारतींचा, आणि खरं काम तिथे आहे.

कायद्याचं गणित असं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधलं कलम ३६ सांगतं की न्यासाची, म्हणजे ट्रस्टची, बिगरशेती जमीन किंवा इमारत ३ वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमिनीला ही मर्यादा १० वर्षांची आहे. पूर्वपरवानगी म्हणजे आधी. करार करून मग अर्ज टाकला तर एरवी तो करार वैध ठरत नाही; नंतरची मंजुरी फक्त अपवादात्मक परिस्थितीतच मिळू शकते. काही ठिकाणी ३ वर्षांचा करार करून त्यात 'आपोआप नूतनीकरण' असं वाक्य घुसवतात. हा आडमार्ग आहे. उद्या एखादा भाविक तक्रार घेऊन गेला की उत्तर विश्वस्तांनाच द्यावं लागतं. परवानगीसाठी सभेचा ठराव, मूल्यांकन आणि जाहीर निविदा ही तयारी ठेवा. वेळ लागतो हे खरं, पण नात्यातल्याला जागा दिल्याचा आरोप त्यातच मिटतो.

त्याआधी न्यासाच्या नोंदणीतला उद्देश आणि मूळ दानपत्र शब्दन् शब्द वाचा. 'वाटसरूंना उतरण्यास' असं लिहिलेलं असेल, तर उद्देश संपलेला नाही, फक्त वाटसरू बदललेत. पूर्वी बैलगाडीने येणारा यात्रेकरू होता, आज तो रुग्णाचा नातेवाईक आहे. मिरजेत मिशनरी डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून कर्नाटकातूनही माणसं उपचारांना येतात. त्यांच्यातला एक जण खाटेवर आणि दोघं बाहेर व्हरांड्यात, हे दृश्य तुम्हाला नवं नाही. धर्मशाळेचा यापेक्षा जवळचा वापर मला तरी दिसत नाही. न्यासाने स्वतः चालवली तर भाडेपट्टाही करावा लागत नाही. याउलट मूळ उद्देश खरोखरच अशक्य झाला असेल, तर त्याच कायद्याच्या कलम ५५ खाली न्यायालयाकडून जवळचा उद्देश ठरवून घ्यावा लागतो. तो रस्ता लांबचा आहे.

पण चांगल्या हेतूने उघडलेल्या धर्मशाळा वर्षभरात पुन्हा बंद पडतात, त्याचं कारण बहुतेक वेळा पाणी असतं. हिशेब करू. रोज ४० माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे ५,४०० लिटर. जुन्या वास्तूत टाकी असते हजाराची आणि शौचकूप दोन. मग कुणीतरी पाच हजार लिटरची टाकी आणून माळवदावर ठेवतं. पाच हजार लिटर म्हणजे पाच टन, आणि खालच्या तुळया शंभर वर्षांच्या! टाकी परसात, वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर ठेवा. शौचालयं आणि न्हाण्याही परसातच, मूळ भिंतीपासून सुट्या बांधा. जुन्या दगड-चुन्याच्या भिंतीला न्हाणीघर चिकटवलं की ओल वर चढते आणि लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, फुटतो. तो झाकायला सिमेंटचा गिलावा मारला की ओल आतच कोंडते आणि दोन वर्षांत पापुद्रे सुटतात. चुन्याच्या भिंतीला चुन्याचाच गिलावा हवा. सिमेंट लावणारा गवंडी लवकर मिळतो म्हणून ते लावू नका.

जीएसटीचंही विचारून घ्या. आयकर सूट असलेल्या न्यासाच्या, सर्वांना खुल्या धार्मिक स्थळाच्या आवारातली खोली दिवसाला १,००० रुपयांच्या आत, सभागृह दिवसाला १०,००० च्या आत आणि दुकान महिन्याला १०,००० च्या आत असेल, तर भाड्यावर कर नाही. दर ठरवण्याआधी हे आकडे समोर ठेवा.

आता गाळेवाले मालक. तुमच्यातला सगळ्यात घट्ट गैरसमज म्हणजे ११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मुदत कितीही असो. तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. न नोंदवल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, आणि वाद झाला तर अटी भाडेकरू सांगेल त्या धरल्या जातात. दुसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडून झटपट ताबा देणारं कलम २४ फक्त राहण्यासाठी दिलेल्या जागेला आहे. दुकानाला नाही. म्हणून व्यापारी जागेत माणूस निवडताना घराच्या भाडेकरूपेक्षा दुप्पट चौकशी करा.

वरच्या मजल्यासाठी सध्या सगळ्यांना एकच गोष्ट सुचते: अभ्यासिका. मागणी आहे हे खरं, स्पर्धा परीक्षेची मुलं जागा शोधतच असतात. पण जिना बघा. शैक्षणिक वापराला दीड मीटर रुंद, म्हणजे जवळपास पाच फुटी जिना हवा. पेठेतले जिने अडीच-तीन फुटी, लाकडी, आणि खालच्या दुकानातून जाणारे. खाली कापडाचे गठ्ठे आणि वर ६० मुलं, अशा जागेला अग्निशमनचा दाखला मिळत नाही, आणि मिळू नये. स्वतंत्र दुसरा जिना काढता येत नसेल तर तो मजला आठ-दहा माणसांच्या कामाला द्या: शिंप्यांचं कामघर, हिशेबनिसांचं कार्यालय, दंततंत्रज्ञाची प्रयोगशाळा.

मग भार. घरासाठी जमिनीवर चौरस मीटरला २०० किलो धरतात, वर्गाला ३००, दुकानाला ४००, आणि पुस्तकांच्या रांगा लावलेल्या ग्रंथसंग्रहाला किमान ६००. म्हणजे राहत्या घराच्या पाटणीवर, म्हणजे लाकडी मजल्यावर, ग्रंथालय मांडायचं तर तिप्पट भार. कपाटं खोलीच्या मधोमध नकोत, भिंतीलगत ठेवा. तुळईचं टोक भिंतीत जिथे शिरतं तिथे पेचकस टोचून बघा. लाकूड मधे सागासारखं टणक लागतं आणि टोकाला भुसा, कारण कुजणं आणि वाळवी दोन्ही भिंतीच्या ओलीतून सुरू होतात. नुसतं रंगरंगोटीवर खूश होऊन करार करणाऱ्यांना हे पहिल्या पावसात कळतं.

सांगलीत बोलायचं आणि पुराचं नाव काढायचं नाही, हे शक्य नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तेव्हाची खूण तुमच्या गाळ्याच्या भिंतीवर कुठे आहे ते मोजा आणि करारातच लिहा. मीटर आणि मुख्य बोर्ड त्या खुणेच्या वर घ्या. तळमजल्याला भाडेकरू असा निवडा, की ज्याचा माल चार तासांत उचलता येतो किंवा धुऊन चालतो: भांडी, मंडपाचं साहित्य, प्लास्टिक. औषधं, कागद, तपासणीची यंत्रं वर. पाण्यात बुडालेली भिंत वाळायला इंचाला महिना असा ढोबळ हिशेब धरतात. १८ इंची भिंतीला दीड वर्ष. लगेच रंग देणारा भाडेकरू पुढल्या वर्षी तुमच्याशीच भांडतो.

सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांचं, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांचं, मला अनेकदा विचारतात. वरून अरुंद तोंड, खाली पोटासारखा खड्डा. २००५ आणि २०१९ च्या पुरांनी त्यांचं मोठं नुकसान केलं. त्यात पर्यटकांसाठी काही करावं अशी कल्पना निघते. मला ती पटत नाही. बंद पेवात प्राणवायू उरत नाही, तोंड उघडून बराच वेळ हवा खेळू दिल्याशिवाय जुनी माणसंही उतरत नसत. तिथे तिकीट लावून माणसं सोडायची? माझं म्हणणं एवढंच, की त्या भागात बांधकाम काढताना जुन्या जाणत्यांना विचारून पेवांच्या जागा नकाशावर आणा. भरावाने न भरलेलं पेव गोदामाच्या फरशीखाली राहिलं, तर ट्रकच्या चाकाखाली फरशी खचते.

शेवटी, माणूस शोधायचा कसा? 'गाळा भाड्याने देणे आहे' ही पाटी कुणाच्या कामाची नाही. पाटीवर चार गोष्टी लिहा: क्षेत्रफळ, दर्शनी रुंदी, शटरची उंची, आणि वीज सिंगल फेज की थ्री फेज व किती किलोवॅट मंजूर. ज्याला पिठाची गिरणी टाकायची आहे तो शेवटची ओळ बघूनच फोन करतो. पाटी लावण्याआधी घरपट्टी आणि विजेची थकबाकी भरा. जुन्या ग्राहकाची वीजबाकी नव्या जोडणीच्या वेळी वसूल करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मान्य केलं आहे, आणि ठरलेला व्यवहार मोडतो तो नेमका इथेच. वापर बदलत असेल तर नगरपालिका किंवा महापालिकेची परवानगी अनामत घेण्याआधी काढा. मग शटर उघडा, झाडून घ्या, एक दिवा रात्री दहापर्यंत चालू ठेवा. आणि दलालाकडे जाण्याआधी पाच मिनिटांच्या अंतरातल्या दुकानदारांना भेटा. त्यांच्यातल्याच कुणाचा तरी माल आज जिन्याखाली, नाहीतर घरच्या पलंगाखाली रचलेला असतो.