अक्षराखालचा ठिपका

नमस्कार, श्रोतेहो.

आज एका ठिपक्याविषयी सांगायचं आहे. शाईचा ठिपका, टाचणीच्या डोक्याएवढा. त्यानं मला कित्येक आठवडे अडवून धरलं, आणि तो सुटला एका दुपारी, दोन ओळींमुळे.

मी इतिहास शिकवते. एकोणिसाव्या शतकात जहाजांवरच्या खलाशांना कोणते आजार व्हायचे, हा माझा अभ्यासाचा विषय. त्यासाठी दोन वह्या शेजारी ठेवून वाचाव्या लागतात. एक जहाजावरच्या डॉक्टरची, दुसरी रोजच्या नोंदींची. या दुसऱ्या वहीत हवामानाचा रकाना इतका अरुंद, की त्यात वाक्य मावतच नाही. नुसती इंग्रजी अक्षरं. बी म्हणजे निळं आकाश, सी म्हणजे ढग, आर म्हणजे पाऊस, क्यू म्हणजे वाऱ्याचे झोत. आणि यू म्हणजे ‘अग्ली’, आकाशाचं लक्षण ठीक नाही. यू हे माझं फार लाडकं अक्षर आहे. ज्या माणसानं ते पहिल्यांदा योजलं, त्यानं तसं आभाळ डोक्यावर घेऊन रात्र काढली असणार. तो माणूस फ्रान्सिस बोफर्ट, ब्रिटिश नौदलातला अधिकारी. 1806 साली त्यानं आपल्या डायरीत वाऱ्याला आकडे दिले आणि आकाशाला अक्षरं.

अक्षरांची यादी मला एका पुस्तकात मिळाली होती. पण काही अक्षरांखाली ठिपका होता, आणि ठिपक्याबद्दल त्या यादीत चकार शब्द नव्हता. आधी वाटलं, शाई सांडली असेल. मग वाटलं, दुसऱ्या कुणीतरी नोंद तपासल्याची खूण असेल. ‘पडताळणीची खूण’ अशी तळटीपही मी लिहून टाकली. छापून जायचीच बाकी होती.

तेव्हा एका तरुण सहकारी मैत्रिणीनं म्हटलं, ‘मॅडम, ट्विटरवर विचारा ना.’ मला ते पटलं नव्हतं. तरी बसले लिहायला. आधी माझ्या संशोधनाची ओळख, मग वहीचं वर्णन, मग माझे दोन तर्क. मावेना. तेव्हा मर्यादा 140 अक्षरांची होती. मोबाइलचा संदेश 160 अक्षरांचा असतो, त्यातली 20 लिहिणाऱ्याच्या नावासाठी राखलेली, म्हणून 140. 2017 मध्ये ती 280 झाली. मराठीत तर काना, मात्रा, वेलांटी हे सगळं वेगळं मोजलं जातं, म्हणजे आपल्याला जागा आणखी कमी. मी छाटत गेले. ओळख गेली, वर्णन गेलं, तर्क गेले. उरलं एवढंच: ‘जहाजाच्या नोंदवहीत हवामानाच्या अक्षराखाली ठिपका का देतात?’ आणि पानाचा फोटो.

श्रोतेहो, हे पुन्हा सांगते, कारण सगळं इथेच आहे. छाटता छाटता माझा प्रश्न मला पहिल्यांदा नीट दिसला. जागा कमी होती म्हणून दिसला. पानं मोजून अभ्यास तोलायची आपली सवय मला अजिबात पसंत नाही. चारशे पानांच्या प्रबंधात आपल्याला काय कळलेलं नाही, हे लपवायला भरपूर जागा असते. विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षी फक्त प्रश्न लिहावेत, निबंध लिहूच नयेत, असं माझं मत आहे. असो.

उत्तर दीडेक तासात आलं. लिहिणारे गृहस्थ प्राध्यापक नव्हते. त्यांनी नोकरीभर हवामानाची निरीक्षणं नोंदवली होती, आता निवृत्त होते. त्यांनी लिहिलं, अक्षराखाली ठिपका म्हणजे तीच गोष्ट फार जास्त. आरखाली ठिपका म्हणजे धो धो पाऊस. पुढे आमच्या काळात त्यासाठी अक्षर कॅपिटल लिहायचो. दोन ओळी, बस्स.

शोधनिबंधात उत्तरं छापतात. अर्धवट प्रश्न छापायला तिथे जागा नसते, त्यामुळे ज्याच्याकडे उत्तर आहे त्याला प्रश्न कळतच नाही. ते गृहस्थ माझं नियतकालिक कधी वाचणार नव्हते आणि मी त्यांना शोधायला कुठे जाणार होते? थोडक्यात लिहायच्या या जागेनं आमची गाठ घालून दिली. आता ट्विटरचं नाव 2023 पासून एक्स आहे, कुणी 500 अक्षरं देणाऱ्या मॅस्टोडॉनवर गेलं, कुणी 300 देणाऱ्या ब्लूस्कायवर. जागा कुठलीही घ्या. थोडक्यात विचारा आणि चारचौघांत विचारा. थोडक्यात, आणि चारचौघांत.

तळटीप मी त्याच संध्याकाळी खोडली आणि पुन्हा वह्या उघडल्या. डॉक्टरच्या वहीत सलग तीन दिवस कोरे होते, एकही रुग्ण नाही. मी आनंदानं लिहून ठेवलं होतं: ‘सर्व खलाशी निरोगी.’ आता त्याच तीन दिवसांचा अरुंद रकाना पाहिला. क्यू, खाली ठिपका. आर, खाली ठिपका. यू, खाली ठिपका. तीन दिवस कुणाला डॉक्टरपर्यंत पोचताच आलं नसणार.

चौथ्या दिवशी रकान्यात एकच अक्षर होतं, बी. आणि डॉक्टरच्या वहीत अकरा नावं.

नमस्कार.