सोनी खॉयो : कोरियन भाषेतला हात

श्रोतेहो, नमस्कार. कोरियन भाषेत हाताला ‘सोन्’ म्हणतात. पुन्हा ऐका, सोन्. यातला ओ आखूड आहे. कोरियन लिपीत स, ओ आणि न यांची चिन्हे एकाखाली एक रचून हा शब्द एकाच चौकोनी अक्षरात मावतो. राजा सेजोंगने १४४६ साली जाहीर केलेली ही लिपी इतकी सुबोध आहे की, रोमन अक्षरांतून कोरियन शिकवण्याचा हट्ट मला मुळीच पटत नाही. ‘मोक’ म्हणजे मान, म्हणून मनगट म्हणजे ‘सोन्मोक’, हाताची मान.

पण सोन् खरा कळतो तो स्वयंपाकघरात. सोलमध्ये राहत असताना नोव्हेंबरअखेरीस मी शेजारच्या आजींकडे किमजांगसाठी गेले होते. किमजांग म्हणजे हिवाळ्यासाठी सर्वांनी मिळून किमची घालणे. या प्रथेला २०१३ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. रात्रभर मिठात मुरवून धुतलेल्या कोबीचे ढीग निथळत होते, आणि लाल तिखट, मुळ्याचा कीस, लसूण व खारवलेली कोळंबी यांचे मिश्रण आम्ही पानापानांत भरत होतो. आजींचे हात इतके लहान होते की, गुलाबी रबरी हातमोज्यांची टोके बोटांपुढे रिकामी लोंबत होती. त्यांच्याकडे पाहत शेजारीण मला कौतुकाने म्हणाली, “सोनी ख्उसेयो.” आजींचा हात मोठा आहे! एरवी ‘सोनी खॉयो’ म्हणतात, वडीलधाऱ्यांसाठी ‘ख्उसेयो’. अर्थ असा की, यांना मापात करणे ठाऊक नाही, हात सढळ आहे. ते लगेच दिसलेही. घरच्यांचे डबे भरून झाल्यावर आजींनी शेजाऱ्यांचे भरले, मग माझ्यासाठी एक, आणि तो भरला तरी वर आणखी एक गड्डा दाबून बसवला. शेवटी आतले कोवळे पिवळे पान मसाल्यात गुंडाळून त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात घातले. सोनी खॉयो, हात मोठा. हे लक्षात ठेवा.

अशा वेळखाऊ, निगुतीच्या कामाला ‘सोनी मानी गायो’ म्हणतात, म्हणजे याला पुष्कळ हात लागतो. हाताला चव असते हे आपण मानतो, कोरियन माणूसही मानतो. त्या चवीला तो ‘सोन्मात’ म्हणतो. कोणी प्रेमाने जेवू घातले, तर ‘सोन्माशी चोआयो’, म्हणजे हाताला छान चव आहे, असे जरूर म्हणा. इथे पुढे इ आल्यामुळे ‘मात’मधल्या त चा श होतो, एवढे सांभाळा.