दोन साक्षीदार

नमस्कार मंडळी.

मला विषय दिला होता 'आपली संस्कृती आणि पुढची पिढी'. तो गेल्या वर्षीही झाला, त्याच्या आदल्या वर्षीही झाला, आणि दोन्ही वेळा पुढची पिढी बाहेर पार्किंगमध्ये खेळत होती. म्हणून आज आमच्या घरच्या भांडणाबद्दल बोलतो.

दोन आठवड्यांपूर्वी आम्ही ओमाहाहून नेब्रास्कातल्याच बिॲट्रिसला होमस्टेडचं, म्हणजे अमेरिकन सरकारने वस्तीसाठी वाटलेल्या जमिनींचं, संग्रहालय बघायला गेलो. तिथे १८६७ सालची एक लाकडी खोली आहे, १४ बाय १६ फुटांची. पामर नावाचा माणूस बायको आणि दहा मुलांसकट तीत राहायचा. आमची अकरा वर्षांची लेक खोलीकडे बघून म्हणाली, "बाबा, तू असतास ना, तर पहिल्याच विंटरला मेला असतास." बायको हसली. हसली तीही जरा जास्तच, कारण घरी आठवडाभर नळ गळत होता आणि मी प्लंबरच्या फोनची वाट बघत होतो. गाडीत बसल्यावर जे सुरू झालं ते लिंकन शहर येईपर्यंत थांबलं नाही.

पण पोरीचं चुकलं कुठे? १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर सरकारी जमीन मिळायची. १८ डॉलर फी भरायची आणि पाच वर्षं राहून कसून दाखवायचं. डॅनियल फ्रीमनने १ जानेवारी १८६३ ला, कायदा लागू झाला त्याच दिवशी, ब्राउनव्हिलच्या कचेरीत पहिल्या अर्जांपैकी एक दिला. मध्यरात्रीनंतर कारकुनाला उठवून दिला, असं सांगतात. (आपल्या तत्काल पासपोर्टवाल्यांना ही तळमळ कळेल.) जमीन मिळाली तरी पुढे झाडं नाहीत. मग माळाची माती गवतासकट नांगराने पट्ट्यापट्ट्यांनी कापायची, गवताची बाजू खाली ठेवून भिंती रचायच्या. पाऊस आला की छत गळायचं, आणि थांबल्यावरही गळतच राहायचं. जळणाला बायसनचं वाळलेलं शेण. आमच्या आजीला ते दाखवलं असतं तर म्हणाली असती, "मग ह्यात काय नवीन? गोवऱ्याच की!"

तिथे गाडीचं एक चाक होतं, त्याच्यापाशी मी बराच वेळ उभा राहिलो. माझे आजोबा वाशीमकडच्या एका खेड्यात सुतार. आरे बसवून चाक तयार करायचे, मग लोहार गोवऱ्यांच्या आगीत लोखंडी धाव, म्हणजे चाकाभोवतीची पट्टी, तापवायचा, चौघे चिमट्यांनी ती उचलून चाकावर ठोकायचे आणि वर पाणी ओतायचे. चर्र आवाज करत धाव आवळली की चाक पिढीभर हलायचं नाही. इथले चाकवाले तेच करत होते. कोरड्या हवेत लाकूड आक्रसून धाव सैल झाली, की वाटसरू चाकं रात्रभर ओढ्यात भिजत ठेवायचे. पश्चिमेकडे आम्हीही सरकतच आलो: वाशीम, नाशिक, मुंबई, न्यू जर्सी, ओमाहा. फक्त प्रत्येक मुक्कामाला एकेक हत्यार टाकत आलो. वाकस गेली, रंधा गेला. माझ्यापर्यंत माऊस पोचला.

परतताना लेकीने विचारलं, "आपल्याला दिली असती का जमीन?" नसती दिली. अर्जदार नागरिक हवा, नाहीतर नागरिक होणार म्हणून त्याने जाहीर केलेलं हवं, आणि नागरिक व्हायला तेव्हा गोरा हवा. पुढे गुलामगिरीतून सुटलेल्यांना ती वाट खुली झाली, आपल्याला नाही. १९२३ साली नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंद यांना इथल्या सुप्रीम कोर्टाने तेच ऐकवलं. आपल्यासाठी दार उघडलं ते १९४६ ला. "मग ती जमीन आधी कोणाची होती?" ओटो-मिझुरिया या इथल्या मूळ रहिवासी जमातीची, १८५४ च्या करारात घेतलेली. मग १८८१ मध्ये उरल्यासुरल्या राखीव जमिनीवरूनही त्यांना ओक्लाहोमाकडे धाडलं. त्यावर ती गप्प बसली, आणि मला ते भांडणापेक्षा जड गेलं.

पण कायद्यातलं एक कलम मला सोडत नाही. पाच वर्षांनी दोन विश्वासू साक्षीदार आणायचे, बहुधा शेजारीच. हा माणूस इथे राहिला, राबला, आम्ही पाहिलं, असं त्यांनी सांगायचं. मंडळी, आपण ग्रीनकार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं काढतो, फाइलमध्ये दोनशे कागद लावतो. असे दोन शेजारी आपल्यापैकी किती जण आणू शकतील? आपल्या ग्रुपवर रोज सकाळी फुलांचे ऐंशी फोटो येतात, आणि आज खुर्च्या मांडायला तीच सहा माणसं होती. नावं घेत नाही, ती आत्ताही चहाच्या टेबलामागे उभी आहेत.

"आपले दोन कोण?" हे लेकीने विचारलंच. डावीकडचा माणूस अकरा वर्षं आमच्या ड्राइव्ह-वेवरचा बर्फ काढतो आणि मला त्याचं नाव माहीत नव्हतं. परवा ती स्वतः जाऊन त्याचं नाव विचारून आली, आणि येताना नळासाठी पानाही घेऊन आली. उजवीकडच्यांनी दार उघडलं नाही.

वायसर मी बसवला. नळ अजून गळतोय. आणि पाना परत द्यायला कोणी जायचं, यावर आमच्या घरी सध्या नवं भांडण चालू आहे.